न मागितलेले लेख
बिंदुमाधवरावांनी एकाही डॉक्टरला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. बेंगळुरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या ग्रंथालयात त्यांची एकवीस वर्षं गेली होती आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. डॉक्टर स्वतः क्वचितच येत. शिपायाबरोबर चिठ्ठी यायची: अमुक उपचार गुणकारी आहे असं सांगणारे लेख हवेत. बिंदुमाधवराव मासिकांचे गठ्ठे उपसत, अनुकूल तेवढे लेख काढत आणि पानात खुणेचा कागद घालून पाठवून देत. उलट सांगणारे लेखही नजरेखालून जात, ते मुकाट्याने पुन्हा फळीवर चढत. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दरबारची कारकुनी चाललेली. साहेबाने मागितलं नाही ते पुढे करणं म्हणजे आगाऊपणा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

१९६१च्या उन्हाळ्यात त्यांची लेक पद्मावती खोकू लागली. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. क्षयविभागाचे प्रमुख डॉक्टर मल्हारराव यांनी एका वाक्यात निकाल दिला: वर्षभर सॅनेटोरियम. पद्मावतीचं मूल दहा महिन्यांचं होतं. बळेपेटेतली तिची सासू काही वाईट बाई नव्हती, पण तीही बोलून गेली, “वर्षानं परत आली तर पोर हिला ओळखणार का?”

पद्मावती रडली नाही. बापाला एवढंच म्हणाली, “अण्णा, एवढी पुस्तकं सांभाळता. स्वल्प, जरा बघा की, घरी राहून बरं झालेलं कुणी आहे का त्यात.”

बिंदुमाधवरावांना मल्हाररावांची चिठ्ठी आठवली. सॅनेटोरियमच उत्तम, असं सांगणारे सहा लेख जानेवारीत मल्हाररावांना त्यांनीच शोधून दिले होते.

ते तीन दिवस फळ्या धुंडाळत होते. मद्रासचा अहवाल हातात आला तेव्हा तो त्यांनी लगेच ओळखला, कारण जानेवारीत तो त्यांनीच परत ठेवला होता. त्यात क्षयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात, आणि दोघांना वर्षभर तीच औषधं. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते. घरातल्या माणसांना लागण जास्त झाली नाही, असं सांगणारा दुसरा लेखही सापडला. मग त्यांनी आपले ते जुने सहा लेख पहिल्यांदाच नीट वाचले. सॅनेटोरियममध्ये किती बरे झाले हे सगळ्यांत होतं. घरी राहिले असते तर काय झालं असतं, हे कुणी तपासलंच नव्हतं.

आठही लेख घेऊन ते मल्हाररावांकडे गेले. घरच्या गटाचे आकडे किंचित कमी होते, त्या ओळीवरही खूण घातली होती. ती लपवायचा मोह झाला होता, हे खरं.

“हे मी मागितलं नव्हतं,” मल्हारराव म्हणाले.

“नाही, साहेब.”

मल्हाररावांनी अर्धा तास वाचलं. तोवर बिंदुमाधवराव उभेच होते.

“गोळ्या चुकवल्या तर?”

“तिकडे घरी जाऊन तपासत होते, साहेब. अचानक जात.”

“सरी, ठीक आहे. राहू दे तिला घरी. इथूनही कुणीतरी अचानक जाईल.” मग त्यांनी मद्रासचा अहवाल असलेल्या अंकावरची तारीख पाहिली. “जानेवारीत हा फळीवर होता?”

“होता.”

मल्हारराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं, असं बिंदुमाधवरावांना वाटलं. डॉक्टरांनी विभागाची वही ओढली आणि जानेवारीपासून सॅनेटोरियमला पाठवलेल्या बायकांची नावं वाचायला सुरुवात केली. चौदा निघाल्या. सातव्या नावावर ते थांबले. ठकुबाई. पोरं नणंदेकडे ठेवून गेलेली. गेल्या महिन्यात नवऱ्याने दुसरं घर केल्याचं पत्र तिला आलं होतं.

“मी मागितलं तसं तुम्ही दिलंत,” मल्हारराव म्हणाले. “दोष तुमचा नाही.”

बिंदुमाधवरावांनी मान हलवली. हेच वाक्य ते एकवीस वर्षं स्वतःला सांगत आले होते, त्यामुळे आता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकूनही त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.