खंडेनवमीचं बूच

नेटवर्किंगचं सर्टिफिकेट केलं तर नोकरी लागते का, असं ओळखीपाळखीची पोरं मला विचारतात. मी म्हणते, "लागते." खोटं बोलत नाही. पण शिरवळची ती सकाळ मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेऊन दीड वर्ष झालं, तरी मी माधवनगरला घरीच बसून होते. बरोबरची पोरं केव्हाच पुण्याला पळाली. मला एकटीला पाठवायला अण्णा तयार नव्हते. मिलमध्ये हयात घालवलेला माणूस, त्यांना माझी पदवी म्हणजे टायपिंगचीच थोरली बहीण वाटायची. मी तोंडाने फटकळ. भांडभांड भांडले आणि ते सर्टिफिकेट केलं. त्याची परीक्षा पुण्यात, कॉम्प्युटरसमोर बसून द्यायची. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. अण्णांनी कागद उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "छान आहे गं. आता याला नोकरी लावून दाखव."

तोवर काकांनी एका पतसंस्थेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. सोमवारपासून काउंटरवर बसायचं. त्याआधी हातात एकच मुलाखत होती, शिरवळच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळायच्या जागेची. ती हुकली की पतसंस्था. आणि काउंटरवर बसलेली मुलगी तिथून उठते ती थेट बोहल्यावर चढायला, हे मी आमच्या गल्लीत बघितलेलं होतं.

दसऱ्याला साताऱ्यात मावशीकडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने शिरवळ गाठलं. मॅनेजरसाहेबांनी सर्टिफिकेट वाचलं, बाजूला ठेवलं.

"मॅडम, प्रश्नबिश्न राहू देत. दसऱ्याची सुट्टी संपवून आज आलो, तर आमचं नेटवर्क बंद. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू करून दाखवा, जागा तुमची. नाहीतर उगाच कशाला एकमेकांचा वेळ घालवायचा?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. परीक्षेत चार उत्तरं समोर असायची, त्यातलं एक निवडायचं. इथे सात कॉम्प्युटर नुसते माझ्याकडे बघत होते.

ऑफिसातून निघालेली एकच काळी वायर त्या सातही कॉम्प्युटरांना जोडत पार मागच्या बाजूच्या स्टोअरपर्यंत गेली होती. ती ज्यांनी ओढली ते कारखान्याचे वायरमन दाराशी उभे होते. पाटणकडचे, पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पळत होते, सेटिंग तपासत होते, बंद करून पुन्हा चालू करत होते. आधी वायर बघा, मग बाकीचं, असं पुस्तकात पहिल्याच धड्यात होतं. मी बरोबर उलटं करत होते. अकरा वाजले. साडेअकरा झाले. हाताला घाम सुटून माउससुद्धा सटकायला लागला.

"काय घावतंय का?" मामांनी विचारलं.

"तुम्ही तुमचं काम बघा ना!" मी खेकसले.

ते दारातून हलले नाहीत. बारा वाजले तेव्हा मी खुर्चीत बसून रडू आवरत होते. सोमवारचं ते काउंटर मला स्वच्छ दिसत होतं. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "मामा, चुकलं माझं. मला काही सुचेना झालंय हो."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "पोरी, खंडेनवमीची पूजा कुठं मांडलीवती, त्ये इचारलंस का कुनाला?"

मी स्टोअरकडे धावले. पूजा अजून तशीच होती. पाटावर पकडी, नटबोल्टचे पाने, हातोडे ओळीने मांडलेले, घासून लखलखीत केलेले, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडू. आणि त्यांच्यात बोटाच्या पेराएवढी एक धातूची टोपी, तिलाही कुंकू लावलेलं! वायरच्या दोन्ही टोकांना अशी एकेक टोपी लागते. पुस्तकात तिला टर्मिनेटर म्हणत, कारखान्यात बूच. एक जरी निघालं तरी सगळ्या कॉम्प्युटरांचं एकमेकांशी बोलणं बंद. स्टोअरच्या शिपायाने साफसफाई करताना ते बघितलं, पुढे काहीच जोडलेलं नाही म्हणून काढलं आणि अवजारांबरोबर भक्तिभावाने पूजलं.

"काखंत कळसा अन् गावाला वळसा," मामा मागून म्हणाले. ते हसत होते.

"तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

"व्हय की."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"मला कुनी इचारलंच न्हाई. म्हनले, सर्टिफिकेटवाली बाई यायचीय, तुमी हात लावू नका." मग अगदी सहज म्हणाले, "ह्या जागंला मीबी अर्ज दिलावता. पर आपल्याजवळ कागद न्हाई ना."

ओढणीने कुंकू पुसून मी बूच बसवलं. ऑफिसात आले तर सातही कॉम्प्युटर एकमेकांना दिसत होते. सुट्टीला दहा मिनिटं होती.

मॅनेजरसाहेब आले, दोन-चार फाइली उघडून बघितल्या आणि खूश झाले. "कुठे होता घोळ?"

"स्टोअरच्या टोकाचा टर्मिनेटर निघाला होता, सर."

"हे तुमच्या त्या कोर्समध्ये शिकवतात?"

मामा माझ्या मागे चार हातांवर उभे होते. मामांनी दाखवलं, एवढे दोन शब्द बोलायचे होते. गावभर भांडणारी माझी जीभ तेव्हा टाळ्याला चिकटली. बोलले आणि जागा गेली तर? सोमवार, काउंटर, अण्णांचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"हो सर. शिकवतात."

"बघा! आमच्या माणसांना सकाळपासून उमगलं नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांच्याकडे वळले. "मामा, आजपासून या वायरींना तुम्ही हात लावायचा नाही. काही झालं तर मॅडमना बोलवा."

"व्हय साहेब," मामा म्हणाले.

साहेबांनी नेमणुकीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. पेन माझ्याकडे नव्हतं. मामांनी खिशातलं काढून दिलं, आणि मी सही केली.