दशांशसाहेबांची पडताळणी

आमच्या कार्यालयात 'साधारण' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. सोलापुरातल्या आकडेवारीच्या सरकारी कार्यालयात मी नवीन लागले, त्या पहिल्याच दिवशी चहावाल्यानं दारातून विचारलं, "साहेब, दोन-तीन चहा पाठवू का?" आतून आवाज आला, "दोन की तीन?" तो बिचारा म्हणाला, "साधारण तीन." झालं! साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि साधारण तीन म्हणजे पावणेतीन की सव्वातीन, ते शांतपणे विचारलं. तेव्हापासून तो डोकी मोजून चहा आणायचा आणि जिन्यात गेल्यावर साहेबांच्या नावानं जे काही बोलायचा, ते मी इथं लिहीत नाही.

सगळ्या इमारतीनं त्यांचं नाव दशांशसाहेब ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायच्या ऐवजी त्यांना त्याचा अभिमान वाटायचा. काय म्हणावं अशा माणसाला? वळसंगच्या पुढच्या एका खेड्यातला हा मुलगा. अर्थशास्त्रात एम.ए., संख्याशास्त्र घासूनपुसून घेतलेलं. प्राध्यापकी चालून आली होती, बँकेची नोकरी चालून आली होती. या शहाण्यानं निवडलं काय, तर जिल्ह्याची आकडेवारी! मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "बाई, सरकारला निदान एक खरा आकडा लागतो. तो कुणीतरी द्यायला नको?" सरकारला खरा आकडा लागतो, हे सरकारला कुणी कळवलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण होती.

दरवर्षी ते जिल्ह्याच्या आकड्यांचं एक जाडजूड पुस्तक काढायचे. विहिरी, शेळ्या, हातमाग, पिठाच्या गिरण्या, सगळं त्यात. प्रत्येक आकडा तीनदा तपासलेला. पुस्तक छापून आलं की ते स्वतः वरच्या मजल्यावर प्रत्येक टेबलाला एकेक प्रत देऊन यायचे. एका उन्हाळ्यात मी वर गेले तर तीन वर्षांच्या प्रती एका कूलरच्या पायाखाली होत्या. मी खाली येऊन चहाटळपणे सांगितलं, "साहेब, आपल्या पुस्तकाचा आधार घेतलाय लोकांनी." त्यांनी विचारलं, "कुठल्या वर्षाच्या?" सांगितल्यावर म्हणाले, "त्यातल्या मधल्या वर्षाच्या प्रतीत शेळ्यांचा तक्ता चुकला होता. तेवढी असू दे. बाकीच्या दोन काढून आणा."

त्यांची बढती अडकली ती एका कडब्यामुळे. एका तालुक्यात घरोघरी संडास झाले, शंभर टक्के झाले, असा अहवाल जायचा होता. भाषणं तयार होती, हारसुद्धा सांगून ठेवले होते. साहेबांनी गावोगाव जाऊन दारं उघडून पाहिली. काही ठिकाणी आत छताला भिडेल एवढा कडबा रचलेला. त्यांनी ते सगळे वजा केले. वरून फोन आला, अहो, बांधकाम तर आहे ना? साहेब म्हणाले, "बांधकाम आहे, पण ते कडब्याचं घर आहे. माणसाला आत जायला जागा नाही." फाईल तीनदा परत आली, तीनदा तोच आकडा लिहून गेली. त्यानंतर त्यांच्यामागून लागलेले दोघं त्यांचे साहेब झाले. आमचे साहेब त्यांनाही उठून नमस्कार करायचे.

मग ते घरकुलाचं काम आमच्या गळ्यात आलं. ज्यांना घर नाही अशा कुटुंबांना सरकार घर बांधून देणार होतं. गावांनी यादी केलेली, आम्ही पडताळायची. आता कुटुंब म्हणजे काय? आमच्या कामात त्याची व्याख्या सोपी आहे, जेवढ्या चुली तेवढी कुटुंबं. गॅस असला तरी आम्ही चूलच म्हणतो. एका छताखाली राहणारे भाऊ वेगळं शिजवत असतील तर दोन कुटुंबं, एकत्र जेवत असतील तर एक. ही व्याख्या गावांना आमच्या आधी कळली होती. आम्ही पोचायच्या आत एकेका घरात तीन-तीन शेगड्या मांडून तयार! सख्खे भाऊ एकमेकांशी न बोलल्यासारखं तोंड करून उभे.

पण गाठ दशांशसाहेबांशी होती. ते मला स्वयंपाकघरात पाठवायचे आणि दारातून त्या वेगळ्या झालेल्या सुनेला हळूच विचारायचे, "ताई, चिमूटभर मीठ द्या बरं." ती बिचारी स्वतःच्या म्हणवल्या जाणाऱ्या घरात चार डबे उघडायची आणि मीठ काही सापडायचं नाही. दुसरी परीक्षा शेंगाचटणीची. आमच्याकडं चटणी नाही असं घर नाही, आणि ती ज्या त्या घरी उखळात कुटलेली. प्रत्येकीचा हात वेगळा. साहेब दोन्ही घरची चटणी बोटावर घेऊन चाखायचे आणि म्हणायचे, "एकाच हाताची आहे. चूल एक." माणसं ओशाळून हसायची. मी पोट धरून हसायचे. खोटं कशाला सांगू, त्या फिरतीत मला मजा आली.

यादीत साहेबांच्या बहिणीचं गाव होतं, आणि यादीत बहीणही होती. ही त्यांची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेल्यावर तिनंच यांना वाढवलं. साहेब सोलापुरात शिकायला होते तेव्हा ती रोज सकाळी फाट्यावर येऊन एसटीच्या कंडक्टरच्या हाती भाकरी-चटणीचा डबा द्यायची. आता विधवा, मुलगा-सुनेच्या घरामागं पत्र्याच्या एका खोपटात राहायची. तिची चूल वेगळी ठरली तर तिला स्वतःचं पक्कं घर मिळणार होतं, नाहीतर नाही. मी म्हटलं, "साहेब, या गावाला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा." ते म्हणाले, "म्हणजे लोक म्हणतील, बहिणीला घर द्यायला बाजूला झाला. मीच जाणार, आणि काटेकोर करणार." प्रामाणिकपणाचीही एक मिजास असते, ती त्यांना होती. मी तेव्हा हे तोंडावर बोलायला हवं होतं.

अंगणात अर्धं गाव जमलेलं. भाचा दारात उभा राहून मोबाईल बघत होता. अक्का खाली मान घालून म्हणाली, "माजी चूल येगळी हाय, बापू." एवढंच. साहेबांनी सुनेकडून चटणी मागितली, चाखली. मग खोपटात जाऊन अक्काची चाखली. डोळे मिटले. या चटणीवर तर त्यांचं कॉलेज झालेलं! बाहेर येऊन म्हणाले, "एकच हात आहे." मी खोपटात उभी होते. तिथं एक ताट, एक तांब्या, एवढासा तवा. मी हळूच म्हटलं, "साहेब, ताट एकच आहे इथं." ते म्हणाले, "बाई, एक ताट कुणीही बाहेर आणून ठेवतं." आणि बहिणीच्या नावावर लाल पेनानं रेघ मारली. येताना जीपमध्ये साहेब खुशीत होते. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही, हे त्यांनी स्वतः मला दोनदा सांगितलं.

दोनेक महिन्यांनी भाचा कार्यालयात आला. हातात पेढ्यांचा पुडा. मामाच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, लई बरं केलंत. आईचं नाव येगळं लागलं असतं तर गावभर झालं असतं, पोरानं आईला येगळं टाकलंय म्हणून. तुमी रेघ मारली, आमची लाज राहिली."

साहेबांच्या हातातला पेढा हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "म्हणजे ती खरंच वेगळी आहे?"

"वरीस होऊन गेलं की. हिचं आन आईचं पटंना."

"आणि चटणी?"

"चटणी आईच कुटती. हिला कुटं जमतीय? आमची डबाभर कुटून देती, त्यातली वाटीभर सोताला ठेवती. भाकरी तिची ती थापती."

मला त्या मेल्याच्या तोंडात अख्खा पुडा कोंबावासा वाटला. साहेब उठले, अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि स्टँडकडं चालू लागले. जीप कार्यालयाची, काम घरचं, म्हणून एसटीनं! मी मागोमाग गेले.

अक्का खोपटाबाहेर ज्वारी पाखडत बसली होती. साहेब तिच्यासमोर मातीत बसले. पँट मळेल याचीही शुद्ध नव्हती. म्हणाले, "अक्का, मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "माजी चूल येगळी हाय म्हनलं. एवढं म्हनायला मला लई दिवस लागले व्हते, बापू. चार मानसांत आईनं कसं म्हनायचं, लेकानं टाकलंय म्हणून? आन तू चटणी चाखलीस. मला इचारायचं व्हतंस की."

"चल, सोलापूरला चल माझ्याकडं."

"तितं तुज्या बायकोची चूल. मला माजी पायजे व्हती." मग तिनं आम्हा दोघांना चहा केला. कप दोनच होते म्हणून ती नंतर प्यायली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वर पत्र पाठवलं, की सदर चूक पडताळणी अधिकाऱ्याची असून नाव पुन्हा घ्यावं, आणि संबंधितावर कारवाई व्हावी. संबंधित म्हणजे हे स्वतः! कारवाई काही झाली नाही. वरच्यांना हसूच आलं म्हणे. आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, त्या माणसाचं पत्र आता कोण ऐकणार? यादी बंद झाली आहे, असं छापील उत्तर आलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. निवृत्त झाले तरी दर सोमवारी वरच्या मजल्यावर जाऊन बाकावर बसायचे. आमच्या पुस्तकांवर कूलर ठेवणाऱ्या साहेबांनी एकदा त्यांना ओळखलंही नाही. एवढ्या फेऱ्या त्यांनी स्वतःच्या बढतीसाठी मारल्या नव्हत्या.

आणि एक दिवस माझ्या टेबलावर यादी आली. पुरवणी यादी, पक्की, सहीशिक्क्याची. तिच्यात अक्काचं नाव, स्वतंत्र कुटुंब, सदस्य एक. मी आनंदानं फोन करणार, तेवढ्यात साहेबच दारात दिसले. हातात मृत्यूचा दाखला होता. वैशाखात, त्या पत्र्याखाली, अक्का गेली होती.

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "राहू द्या की साहेब हे नाव. आता कुणाचं काय बिघडतंय?"

"खाली ज्यांचा नंबर आहे त्यांचं बिघडतं," ते म्हणाले. दाखला टेबलावर ठेवला, तिच्या नावावर बोट ठेवलं आणि खिशातलं लाल पेन काढून माझ्यापुढं धरलं.

"तुम्ही खोडा, बाई. मी तिला एकदा खोडलंय."