नळीवरचा लाल ठिपका

माझ्या आईचा देवावरही भरवसा नाही. माझा नवरा मेकॅनिक आहे. तरी त्याच्याकडे गाडी देण्याआधी तिनं इंजिनातल्या, बदलायच्या असलेल्या व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. जावयानं जुन्याच पुसून बसवल्या तर? शिवाय बॉनेटपाशी स्टूल टाकून डोळ्यांत तेल घालून बसली.

त्यानं एकेक नळी वाकवून भेगा दाखवल्या, नव्या बसवल्या आणि ठिपकेवाल्या जुन्या तिच्या हातात ठेवल्या.

"आई, आता नेलपॉलिश द्या."

"कशाला?"

"नव्यांवरही ठिपके देतो. उद्या खात्री करायला दुसऱ्या मेकॅनिककडे न्याल, तो माझ्या नळ्या ढापायचा."

आईनं बाटली दिली आणि माझ्यावर कडाडली, "घरभेदी! उद्याचं त्याला तूच सांगितलंस!"