कैलास बघून झरीला थांबायचं होतं

पहाटे चारची गाडी पकडायची असेल तर घरी चहा करण्याच्या भानगडीत पडू नका, तोंड धुऊन सरळ निघा. हा माझा सल्ला आईने नेहमीप्रमाणे धुडकावला. साडेतीनला ती स्टोव्हपाशी उभी होती आणि मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो. "गाडी काय पळून जायलीय का?" ती म्हणाली. चहा मात्र फक्कड झाला होता.

माझ्या आधीच्या सहली वाचलेल्यांना माहीत आहे, वेळेच्या बाबतीत मी खाष्ट माणूस आहे. शाळेत क्लार्क आहे, हजेरीपटाची सवय. किती वाजता कुठे पोहोचायचं हे कागदावर लिहून खिशात ठेवतो. या लेखातही वेळा येतील. खरं तर या वेळी त्या नको आहेत मला, पण एकही विसरलेलो नाही.

वेरूळला जायची इच्छा आईची. तिचं माहेर पेडगाव. ती आणि धाकटी सुमन, म्हणजे आमची सुमामावशी, दोघीच बहिणी, भाऊ नाही. शाळेची वेरूळची सहल निघाली तेव्हा आजी अंथरुणावर होती. भाकरी टाकायला एक पोरगी घरात हवी, म्हणून आजोबांनी एकीलाच जा म्हटलं. आई थोरली, ती राहिली. मावशी गेली, आणि आल्यावर आठ दिवस तिचं तोंड बंद नव्हतं. हत्ती केवढाले, नंदी कुठे बसलाय, रावणाने डोंगराखाली हात कसे घातलेत. आईचा कैलास हा असा, बहिणीच्या तोंडून ऐकलेला. पुढे लग्नं झाली. आई परभणीत आली, मावशी झरीला गेली आणि वेरूळ राहून गेलं.

या हिवाळ्यात कळलं की एक निवृत्त इतिहास शिक्षक परभणीहून दर रविवारी वेरूळची सहल नेतात. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. सतरा सीटची गाडी, माणशी बाराशे, त्यात येणं-जाणं आणि गुरुजींची माहिती. लेण्यांचं तिकीट चाळीस रुपये वेगळं, खाणं-पिणं ज्याचं त्याचं. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं ध्यानात ठेवा. मी दोन जागा धरल्या. बायको-पोरं सुट्टीला सासुरवाडीला गेली होती, वडील जाऊन बरीच वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच.

अडचण एकच होती. मावशी आजारी होती. नांदेडच्या डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. आईचं मन होईना. "पुढच्या म्हैन्यात जाऊ की," म्हणाली. "पुढच्या महिन्यात तुझे गुडघे संपावर जातील," मी म्हणालो. गुरुवारी ती झरीला जाऊन मावशीला भेटून आली आणि एकदम तयार झाली. मावशीनेच तिला सांगितलं होतं, "जा ताई. अन् येताना थांब. त्या हत्तींपैकी एकाची सोंड मोडली होती, कोणत्याची ते मला याद येईना. बघून ये अन् मला सांग."

गाडी चार वाजून दहा मिनिटांनी निघाली. जिंतूरचा रस्ता मधे मधे चांगला आहे, मधे मधे कंबरेचा हिशेब घेतो. पावणेपाचला झरी आली. मावशीचं घर रस्त्यालगतच आहे. गाव झोपलेलं, आणि तिच्या घरात तेवढा उजेड होता.

"दिवा हाय बघ," आई काचेला नाक लावून म्हणाली. "दोन मिनिटं थांबवतोस का? नुसतं तोंड बघून येते."

"पहाटे पावणेपाचला आजारी माणसाला उठवतेस? येताना थांबू. निवांत बस मग तिच्यापाशी."

पुढच्या सीटवरून गुरुजींनी मागे वळून बघितलं होतं, गाडीतल्या लोकांनी काय म्हटलं असतं, हेही माझ्या डोक्यात होतं. खोटं कशाला बोलू. आई म्हणाली, "बरं." उजेड मागे गेला.

सहा वाजून दहा मिनिटं, देवगाव फाटा. थंडी लय होती. हॉटेलवाल्याने पहिला घाणा काढला होता, गरम भजी आणि आल्याचा चहा. इथे थांबाच, भजी खरंच चांगली आहेत. मी पैसे द्यायला उठलो आणि फोन वाजला. दत्ता, मावशीचा मुलगा.

"आई गेली रे. पावणेसहाला. मावशीला घेऊन ये. आमी थांबतो, ती आल्याबिगर उचलत न्हाईत."

मी काय बोललो ते आठवत नाही. "हो, बघतो," असलं काही असावं. पलीकडे आई बाकावर बसून बशीतला चहा फुंकत होती. तिने नवी शाल घेतली होती. शेजारच्या बाईला ती सांगत होती, "माझी बहीण येऊन गेलेली हाय, तिनं मला सगळं सांगितलंय." देवगाव फाट्याहून झरी दीड तास. जिंतूरकडे जाणारी एसटी समोर उभी होती, कंडक्टर तिकिटं फाडत होता.

गुरुजींनी माझं तोंड बघून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"आईंना सांगितलं?"

"नाही."

"मग ऐका माझं. सुतक कानावर पडल्यापासून. त्यांच्या कानावर पडलेलं न्हाई. कैलास होऊ द्या, घृष्णेश्वराचं दर्शन होऊ द्या, मग सांगा. आत्ता माघारी नेलंत तर ही माउली जन्मात पुन्हा इकडं यायची न्हाई."

आमच्याकडे हे चालतं. मांडवात नवरा-नवरी उभी असताना बातमी आली तर अक्षता पडेपर्यंत घरातला एखादा जाणता माणूस ती पोटात ठेवतो, आणि पुढे लोक त्याचं कौतुक करतात. मलाही तेव्हा आपण तसा जाणता माणूस आहोत असं वाटलं. आत कुठेतरी सुटल्यासारखंही झालं, कारण सांगायचं काम पुढे गेलं होतं. मी दत्ताला मेसेज केला, "गाडी लय लांब आलीय." आईचा फोन माझ्याच बॅगेत होता. तो बंद केला. एसटी निघून गेली.

जालन्यात ऊन आलं. पावणेदहाला वेरूळ. रविवारी येणार असाल तर गर्दीची तयारी ठेवा. गुरुजींची एक पद्धत चांगली आहे. ते आधी कैलासच्या बाजूच्या चढाने वर नेतात आणि वरून खाली बघायला लावतात. "कळसापासून पायापर्यंत खाली खाली कोरत आलेत. एक दगड, जोड न्हाई," ते म्हणाले. आईचे गुडघे, म्हणून मी तिला धरून वर नेलं. ती कडेपासून चार पावलांवर उभी राहिली. मग हात जोडले आणि म्हणाली, "सुमी म्हणली त्याच्यापेक्षा मोठं हाय की रे."

खाली अंगणात आल्यावर ती मला विसरलीच. गुरुजी माहिती सांगत होते आणि ही त्यांच्या पुढे पुढे. "आता रावण दाखवा. खाली हाय, हात घातलेला." गुरुजी हसायचे आणि माझी नजर टाळायचे. दोन्ही हत्तींना तिने फेरी मारली, म्हातारी शेजारीण आजारी पडल्यावर बघावं तसं बघितलं.

"दोघांच्याबी सोंडा न्हाईत," ती म्हणाली. "एकाची न्हाई, दोघांच्याबी. लिहून ठेव, न्हाईतर मी विसरते. सुमीला सांगायचंय."

मी खिशातला वेळापत्रकाचा कागद काढला आणि त्याच्या मागे लिहिलं, दोन्ही हत्तींना सोंड नाही. कागद घडी करून परत खिशात ठेवला.

इतकं सुंदर कोरलेलं काही मी आयुष्यात बघितलेलं नाही, आणि त्यातलं मला काहीही दिसलं नाही. फोन सायलेंटवर होता आणि खिशात सारखा थरथरत होता. अकरा वाजता दत्ता. साडेअकराला दत्ता. बारा वाजता मेसेज, "कुठपर्यंत आलात?" मी उत्तर दिलं नाही. एक वाजता आम्ही घृष्णेश्वराच्या रांगेत होतो. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. मी आईला रांगेत पुढे करून बाहेरच थांबलो.

"चल की. इथवर येऊन बाहेर राहतोस?"

"थंडी आहे. सदरा नाही काढत. तू जा."

माझ्या कानावर पडलेलं होतं ना. मला सुतक होतं. एवढा नियम मी पाळला.

ठरल्याप्रमाणे आता सांगायचं होतं. आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात अंगाऱ्याची पुडी होती. "सुमीच्या कपाळाला लावते संध्याकाळी," ती म्हणाली. जेवल्यावर सांगू म्हटलं. जेवण झालं, थाळी दोनशेची, वांग्याची भाजी तिखट. गुरुजींनी दोनदा खुणावलं. मग गाडी एका हातमागाच्या दुकानापाशी थांबली. अशा सहली असल्या दुकानांत थांबतातच, आपण नुसतं बघून बाहेर पडायचं असतं. आईने मात्र एक डाळिंबी साडी हातात घेतली ती सोडलीच नाही.

"तुला?" मी विचारलं.

"मला कशाला हा रंग? सुमीला. अंथरुणात पडून पडून कंटाळलीय. बरी झाली की नेसंल."

तेव्हा तीन वाजले होते. त्या क्षणीसुद्धा मी तोंड उघडलं नाही. साडी पिशवीत घातली आणि पिशवी तिने मांडीवर धरली.

पावणेसातला परत देवगाव फाटा. तोच बाक. पुढे झरी येणार, आता पर्याय उरला नव्हता. मी तिच्या हातातला कप खाली ठेवला आणि सांगितलं.

ती रडली नाही. "कधी?" म्हणाली.

"सकाळी. पावणेसहाला."

"तुला कधी कळलं?"

"इथंच. चहाला थांबलो तेव्हा."

मग म्हणाली, "म्हणून तू देवळात आला न्हाईस. तुझ्या सुतकाची तुला काळजी होती." आणि साडीच्या पिशवीकडे बघून, "लुगडं कुणी घातलं तिला?"

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ आणतो, भाऊ नसेल तर बहीण. मावशीच्या माहेरचं म्हणून या जगात एकच माणूस होतं आणि त्याला मी दिवसभर हत्ती दाखवत फिरत होतो. दत्ता सकाळपासून त्यासाठी थांबला होता. "ती आल्याबिगर उचलत न्हाईत" याचा अर्थ तो होता. मी बाप्या माणूस, मला वाटलं नुसतं तोंड बघायला बोलावतायत.

झरी आली. गुरुजींनी गाडी मावशीच्या दारात थांबवली आणि खाली उतरून हात जोडले. घर धुऊन काढलेलं होतं. मावशीची खाट होती तिथे दिवा लावलेला. दत्ता ओट्यावर बसला होता. उठला, आईच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"दोन वाजेपस्तोर थांबलो मावशी. मग लोक ऐकंनात. काकूनं गावातल्या दुकानातून आणलं अन् तुझ्या नावानं घातलं. चालतंय का गं ते?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आता सगळं बाहेर येणार आणि यावंच, असं मला वाटलं.

"गाडी बंद पडली होती रे, दत्ता," आई म्हणाली. "जालन्याच्या पुढं. फोनबी लागंना. ह्यानं लय खटपट केली."

साडीची पिशवी तिच्या हातातच होती. अंगाऱ्याची पुडी तिने दिव्यापाशी ठेवली. मग भिंतीला टेकून बसली आणि तिथे, त्या दिव्याकडे बघत, हळू आवाजात म्हणाली, "सुमे, दोघांच्याबी सोंडा न्हाईत गं." मग मात्र तिला कुणी धरू शकलं नाही.

या सगळ्याला तीन महिने झाले. लेणी, रस्ता, खर्च विचारणारे मेसेज येतात, म्हणून हे लिहिलं. वेरूळला जरूर जा. गुरुजी माहिती उत्तम देतात आणि माणूस वाईट नाही. सल्ला त्यांचा होता, पण दिवसभर तोंड शिवून मी फिरलो. फोटो टाकलेले नाहीत. हत्तीपाशी हसणाऱ्या आईचा एक आहे, तो मी उघडत नाही.

त्या दिवसानंतर आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. गेल्या आठवड्यात ती डाळिंबी साडीची पिशवी घेऊन माझ्या खोलीत आली आणि टेबलावर ठेवली.

"हे तुझ्याकडं राहू दे. माझ्या माहेरचं आणणारं आता कुणी राहिलं न्हाई. माझ्या वेळेला हेच घाल. विधवेला हा रंग कसा म्हणून कुणी बोललं तर माझं नाव सांग."

मी हो म्हणालो. ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"अन् त्या दिवशी ज्याला त्याला लगेच सांग. कुणाचा काय कार्यक्रम हाय ते बघत बसू नको."