विम्याबाहेरचा कोंडा

धानाचा हंगाम आला, की तुमसरच्या हवेला सोनेरी खरखर येते. गिरण्यांतून उडणारा कोंडा तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर आणि दर वर्षी न चुकता माझ्या छातीत उतरतो. तिथे तो बासरी शिकतो. सूर मात्र त्याला अजून सापडलेला नाही.

लेक जर्मनीत बाळंत झाली. व्हिसासाठी प्रवासाचा विमा हवा होता, म्हणून विमावाल्या ताई फॉर्म घेऊन घरी आल्या.

"काकू, वारंवार होणारी काही बिमारी?"

"काही नाही," उत्तर यजमानांनी दिलं. त्यांची स्वतःची गिरणी आहे.

"मग हे काय वाजून राहिलं?" ताईंनी माझ्या छातीकडे बोट दाखवलं.

"कोंडा आहे तो. बिमारी कायची? साऱ्या गावालेच होते."

मी फॉर्म ओढून खरं ते लिहिलं: दमा, दर वर्षी. ताईंनी अटी वाचल्या. पाय मोडला, दात ठणकला, बॅग हरवली, साऱ्याला विमा होता. आधीपासूनच्या आजाराला, म्हणजे माझ्या दम्याला, नव्हता. "अगदी जिवावर बेतलं, तरच पाहतात."

"म्हणजे खोकायचं तर पुरतं खोक," यजमान मला म्हणाले. "अर्धवट खोकल्याले काही नाही भेटत."

हसता हसता मी धास्तावले. लेकीची सेवा करायला जावं आणि तिलाच माझ्या उशाशी बसवावं? डॉक्टरांकडून दम्याचे दोन पंप घेतले आणि निघाले.

तिथली हवा निवळीने निवळलेल्या पाण्यासारखी होती. आठ दिवस छाती मुकी राहिली. नवव्या दिवशी मी बॅगेच्या तळाची पिशवी काढली. नवा तांदूळ लेकीच्या घरी शिजावा, ही आमची रीत. यजमानांनी तो गिरणीतून थेट, न पाखडताच भरून दिला होता. सूप नव्हतं. मी ताटात घेऊन फुंकर मारली. आधी घरचा सुगंध उठला, मागोमाग बासरी.

"आई, याला विमा नाही!" लेक पंप घेऊन धावली.

दोन फवाऱ्यांनी श्वास रुळला, आणि पाळण्यातून एक चिमुकली शिंक ऐकू आली.

संध्याकाळी यजमानांना फोनवर सारं सांगितलं. "नातीलेही आहे म्हणजे," ते अभिमानाने म्हणाले, "आधीपासूनच!"

उरलेला तांदूळ लेकीने तोंडाला ओढणी बांधून बाल्कनीत पाखडला. काचेच्या आत, उबदार नातीला मांडीवर घेऊन, मी पाहत बसले. बाळंतिणीची सेवा करायला मी आले होते.