कोंडवाड्याच्या दारातली सायकल

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सायकलीचे दात पाहून तिचं वय सांगणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा घरमालक होता. महाराष्ट्र नुकताच झाला होता, जिल्हा परिषद नवीकोरी होती, आणि तिच्या नव्या उत्साहात माझी बदली संग्रामपुराकडून उचलून मोताळ्याजवळच्या एका खेड्यात झाली. वळकटी, ट्रंक, सायकल आणि बायको असा माझा संसार त्यांच्या दारात उतरला, तेव्हा त्यांनी इतर कशाकडेही पाहिलं नाही. ते थेट सायकलीपाशी उकिडवे बसले, चेन बाजूला सारली, पायडलच्या चक्राच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि वर न पाहता म्हणाले, "गुरुजी, फसवलं तुमाले. दात झिजले हिचे. म्हातारी हाये." आता ही सायकल मी खामगावला जुन्या बाजारात घेतली होती, आणि विकणाऱ्याने पोराबाळांची शपथ घेऊन ती नव्यासारखी असल्याचं सांगितलं होतं. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की खोली कुठली आणि पाणी कुठून आणायचं हे विचारायचं राहूनच गेलं. ते आम्हाला शेजारणीने सांगितलं.

त्यांचा सगळा जन्म बैलांत गेलेला. बाजारात बैल घ्यायचा तर तालुक्यातले लोक त्यांना गाडीत घालून न्यायचे, आणि त्यांनी मान हलवली की सौदा मोडायचा. साठी आल्यावर त्यांनी शेती पुतण्याच्या हवाली केली आणि सायकली धरल्या. धंदा बदलला, भाषा मात्र तीच राहिली. पंचायतीने बाजाराजवळ नवा कोंडवाडा बांधला होता. गावकुसाजवळचा जुना ओस पडला होता. तो त्यांनी मागून घेतला आणि तिथे सार्वजनिक सायकल दुरुस्ती सुरू केली. दारावरची 'कोंडवाडा' ही जुनी पाटी तशीच ठेवली, कारण त्यांच्या मते तीत चुकीचं काही नव्हतं. काम फुकट. अट एकच: ज्याची सायकल नीट झाली त्याने पुढच्याची सायकल नीट करून द्यायची. "मले येत नाही" ही सबब चालत नसे. "कोणाले येते? मले तरी कुठी येते?" असं म्हणून ते त्याच्या हातात पाना द्यायचे. त्यामुळे शिंपी न्हाव्याच्या सायकलीचं चाक सरळ करतोय, न्हावी गुरवाच्या ट्यूबला ठिगळ लावतोय आणि गुरव स्तोत्र म्हणत कुणाच्या तरी चाकात हवा भरतोय, असा सगळा देखावा असे. गुरवाने भरलेली हवा जास्त टिकते असा गावात समज होता. मी स्वतः पाहिलं आहे, नाही टिकायची.

त्यांची तपासणी पाहण्यासारखी असे. सायकल आली की आधी तिच्याभोवती एक फेरी. मग सीटवर थाप, मग नळीला कान लावून चाक फिरवायचं. पंक्चर झालेल्या चाकाला ते "खुरात काटा गेला" म्हणत, आणि काळ्या रानातली आमची वाट बाभळीची असल्यामुळे ते बहुतेक वेळा खरंच असे. काटा काढला की ते तो मालकाच्या तळहातावर ठेवत आणि "पाह्य, कितीक दुखलं असन तिले!" असं सुनावत. एकदा ठिगळावर हळद लावताना मी त्यांना पकडलं. म्हटलं, "अहो, रबराला हळद कशाला?" ते म्हणाले, "नुकसान होते का काही?" स्वतः मात्र ते सायकलीवर कधी बसले नाहीत. पुढची मूठ धरून तिला शेजारून चालवत न्यायचे, गावातून, शिवारातून, पार मोताळ्याच्या बाजारापर्यंत. "बैलावर कोणी बसते का?" असं त्यांचं म्हणणं. खरी गोष्ट अशी होती की उतारवयात शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी शेणाच्या उकिरड्यात जाऊन पडले. ही माहिती मला गावातल्या प्रत्येकाने वेगवेगळी, आणि कुणाला सांगू नका असं बजावून दिली.

कोंडवाडा तो शेवटी कोंडवाडाच. एकदा आमचे तलाठी बाजारातून येत होते. पुढच्या दांडीवर मेव्हणा, मागे मिरच्यांचं पोतं, मध्ये स्वतः. घरमालक रस्त्यात आडवे उभे राहिले. "उतरा." तलाठी उतरले, मेव्हणा उतरला, पोतं आपोआप पडलं. "वझं झालं का बैल बसून घेते. हिले बसता येत नाही, म्हणून का जीव घ्याचा तिचा?" असं म्हणून त्यांनी सायकल मुठीला धरून नेली आणि कोंडवाड्यात घालून कुलूप लावलं. तलाठी म्हणाले, "मी सरकारी माणूस आहे." हे म्हणाले, "मंग सरकारले बोलवा." सरकार काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तलाठ्यांनी स्वतःच्या हाताने सायकल धुतली, तिला तेल पाजलं, आणि अटीप्रमाणे पुढे एका कडबेवाल्याची सायकल दुरुस्त करायला बसले. तिथे त्यांना गोडी लागली ती कायमची. पुढे पुढे सातबारा हवा असला की लोक कचेरीत जातच नसत. सरळ कोंडवाड्यात जात, तिथे तलाठी टायरात मान घालून बसलेले सापडत.

हा खटाटोप तुम्ही काऊन करता, असं त्यांना ज्याने त्याने विचारून पाहिलं होतं. मोताळ्याच्या साहेबांना त्यांनी सांगितलं, "मुकं जनावर हाये." सरपंचांना सांगितलं, "कमरेले बरं राह्यते." त्यांची कंबर तर ओणवं बसून पार कामातून गेली होती, उठताना भिंत धरावी लागे. मला म्हणाले, "स्वर्गात आता बैलगाडी नाही घेत म्हणते. सायकलवाल्यालेच सोडून राह्यले." मी विचारणं सोडून दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा हा माणूस आहे, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

पण एक कोडं होतंच. कोंडवाड्याच्या दाराशी, मोताळ्याच्या रस्त्याकडे तोंड करून, एक उंच काळी सायकल कायम उभी असे. मागे दणकट कॅरियर, आणि चाकांवर चिखलाचे पत्रे मात्र नाहीत. ते त्यांनी मुद्दाम काढून टाकले होते. रोज सकाळी ते तिची चाकं दाबून पाहत, चेन हाताने ओढून पाहत, आणि ती कुणालाही देत नसत. सरपंचांच्या मुलाच्या लग्नात धावपळीला सायकली कमी पडल्या, तेव्हा सरपंच स्वतः मागायला आले. "ते देवाच्या नावानं सोडेल हाये," हे म्हणाले. सरपंच चिडले. "देवाले सायकल कायले लागते?" हे म्हणाले, "लागली त?" आणि पाना शोधायला आत निघून गेले. मी म्हटलं, पत्रे तरी लावा, पावसाळ्यात बसणाऱ्याच्या अंगावर राड उडेल. "उडू द्या," म्हणाले.

मग पोळा यायचा. आदल्या संध्याकाळी गावात बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायचे, तेव्हा हे कोंडवाड्यात सायकलींचे कणे लोण्याने मळायचे आणि प्रत्येकीच्या मुठीशी वाकून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाच्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवायचं नाही, तसं सायकलीवरही बसायचं नाही. कुणी लबाडी करू नये म्हणून गावातल्या सगळ्या सायकलींच्या चेना काढून ते एका पिपात तेलात बुडवून ठेवायचे. पहिल्या वर्षी तोरणाखाली बैलांच्या मागे सायकलींची रांग लागली, तेव्हा पाटलांनी हरकत घेतली. पण सायकली शिंगं मारत नाहीत, शेण टाकत नाहीत, यावर तडजोड झाली. मी गेलो त्या वर्षी माझ्या म्हातारीच्या गळ्यातही घुंगरमाळ होती आणि मुठीला पुरणपोळी टेकवलेली होती. सगळं गाव तोरणाशी जमलं होतं, हे मात्र तिथे नव्हते. ती काळी सायकल धरून कोंडवाड्याच्या दारात उभे होते. तिची चेन तेवढी जागेवर होती. दिवस मावळला तेव्हा मी सहज तिकडून गेलो. ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आज कोणी आलं नाही. बरं झालं." मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं असेल.

पुढच्या पोळ्याला माझी बायको पोटुशी होती. बाळंतपणाला तिला माहेरी, संग्रामपूरला पाठवायचं ठरलं होतं. पण वाटेतली पूर्णा नदी भरून वाहत होती, आज उतरेल उद्या उतरेल म्हणता म्हणता आम्ही इथेच अडकलो, आणि पोळ्याच्या सकाळीच तिच्या कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरायचे होते. सुईण आली, बराच वेळ आत होती, मग बाहेर येऊन माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मास्तर, पोर पायाकडून येऊन राह्यलं. माया हातचं नाही हे. मोताळ्याची नर्सबाई आना. लवकर आना." मी गाडीसाठी धावलो. ज्या दारात गेलो तिथे बैल रंगवलेले, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. लोक वाईट नव्हते हो. एक जण तर रडवेला झाला, पण जुवाला हात लावायची त्याची छाती होईना. घरातला म्हातारा दारात आडवा उभा होता. सायकल म्हणावी तर गावातली प्रत्येक चेन पिपाच्या तळाशी. तिथल्या तिथे बसून हंबरडा फोडावा असं मला वाटलं. पाय मात्र आपोआप कोंडवाड्याकडे पळाले.

ते उभेच होते. मला धावत येताना पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत मूठ माझ्या हातात दिली. "हवा पाह्यली हाये. चेन कसेल हाये. निघा." काय झालं, कोणाला झालं, काहीसुद्धा विचारलं नाही. वाटेत घोट्याएवढा काळा गारा होता. दुसरी कुठलीही सायकल असती तर तो गारा पत्र्यात गच्च बसून चाक जागीच थांबलं असतं; हिच्या चाकाला चिखल धरून ठेवायला जागाच नव्हती, तो सगळा माझ्या अंगावर येत होता. पत्रे काऊन काढले ते मला तेव्हा कळलं. नर्सबाई मापाने भारदस्त होत्या. कॅरियरवर बसताना त्यांनी विचारलं, "मास्तर, ब्रेक आहे ना हिला?" मी म्हटलं, "बाई, आज ब्रेकचं काम नाही." त्या सबंध वाटभर राम राम म्हणत होत्या आणि पाठीमागून माझी कंबर अशी धरली होती की बोटांचे वळ चार दिवस गेले नाहीत.

नर्सबाई आत गेल्या. मी अंगणात उभा, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. घरमालक आले, सायकल धुतली, आणि दाराकडे पाठ करून ओट्यावर बसले. तोरणाकडून ढोल वाजत होते. शेवटी रडणं ऐकू आलं आणि नर्सबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मुलगी आहे." मी काही बोलायच्या आत हे ताडकन उठले, भिंत न धरता उठले, आणि म्हणाले, "बाई कशी हाये?" नर्सबाई म्हणाल्या, मुलगी छान आहे. "पोरीचं नाही विचारलं. बाई कशी हाये?" बाई बरी आहे, असं ऐकल्यावर ते पुन्हा खाली बसले, आणि मग त्यांना बराच वेळ उठता आलं नाही. कंबर धरली म्हणाले.

संध्याकाळी सायकल परत द्यायला मी गेलो, तेव्हा न विचारता त्यांनी सांगितलं. "मायी बायको पोळ्यालेच गेली, गुरुजी. असंच अडलं होतं. दारात बैलाइच्या दोन जोड्या उभ्या होत्या, सजवेल. मी जू उचललं त बाप आडवा झाला. म्हणे, आज जुंपलं त पाप लागते." ते चेनवरून चिंधी फिरवत राहिले. "नाही जुंपलं. लागलंच ना पण." मग सायकलीच्या सीटवर थाप मारून म्हणाले, "बैलाचा पोळा मोडू नये. म्हणून हे. हिले पोळा नाही." माझ्याने राहवलं नाही. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली ती सीटवर मारावी तशीच.

बाराव्या दिवशी ते पोरीला पाहायला आले. तिच्या ओठांखाली अंगठा घालून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "दात नाही आले अजून. नवी हाये." पायाळू पोराची लाथ लचकेला उतारा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पोरगी चालायला लागली तशी त्यांची स्वारी रोज आमच्या अंगणात पालथी पडू लागली. "हाण वं माय," असं म्हणायचे, आणि ती दोन्ही पायांनी त्यांच्या कमरेवर नाचायची. कमरेला गुण किती आला देव जाणे. भिंत धरल्याशिवाय ते शेवटपर्यंत उठले नाहीत, पण आता हसत उठायचे.

पुढे माझी बदली पार बीबी नावाच्या गावाला झाली. ते गेल्याचं कळलं तेव्हा पोरगी चांगली मोठी झाली होती. दिवसभर जेवली नाही. थोड्या दिवसांनी एसटीच्या टपावरून त्यांच्या पुतण्याने ती काळी सायकल पाठवली, निरोप एवढाच की काकांनी गुरुजींना द्यायला सांगितली आहे. आता इथेही पोळा भरतो. मी तोरणाला जात नाही. हवा पाहतो, चेन ओढून पाहतो आणि रस्त्याकडे तोंड करून दारात उभा राहतो. इथले लोक मला चक्रम समजतात, समजोत बापडे. दिवस मावळला की सायकल आत घेतो. बायको दिवा लावत असते. ती विचारते, "आलं होतं का कोणी?" मी म्हणतो, "नाही." ती वातीवरून नजर न काढता म्हणते, "बरं झालं."