मोठ्या बाईंची पावलं

माझ्या धाकट्या नणंदेने, आमच्या वन्संनी, टेकडीवरच्या जुन्या हवेलीची लाकडी जमीन एकतीस वर्षं राखली. हवेली आता संग्रहालय आहे. राखली म्हणजे गुडघ्यांवर बसून, फळीन्‌फळी मेणाने घासून. शेवटी गुडघ्यांनीच दगा दिला आणि ऑपरेशनसाठी त्या तीन महिने रजेवर गेल्या.

हवेलीच्या शेवटच्या मालकीण, मोठ्या बाई, वरच्या मजल्यावर अजून फिरतात ही वदंता जुनीच. पण वन्संच्या रजेत पावलं रोज दुपारी स्पष्ट ऐकू येऊ लागली. पहारेकऱ्याने वर जाणं सोडलं. विश्वस्तांनी वरच्या मजल्याला कायमचं कुलूप घालायचं ठरवलं.

कळताच वन्सं काठी टेकत निघाल्या. सोबत मी.

"वहिनी, कुलूप लागलं की माझी जमीन वाळवीच्या घशात गेलीच म्हणून समजा."

आम्ही वर पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. टक्, टक्, टक्. संग्रहालयाचे व्यवस्थापक आमच्यासोबत आले होते, ते दारातच थबकले. वन्सं स्टुलावर बसून वाकल्या आणि फळ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"इथे पाणी कोणी ओतलं?"

"ओतलं नाही, रोज धुतलं," व्यवस्थापक म्हणाले. "तुमच्या जागी घेतलेली नवी माणसं फार स्वच्छ आहेत."

"मेणाच्या जमिनीला बादलीने अंघोळ? अहो, फळ्या फुगल्यात, एकमेकींना ढुशा देतायत. ऊन कललं की कुरकुरतात. मोठ्या बाई बिचाऱ्या उगाच बदनाम!"

"आणि आवाज थांबला नाही तर?"

"तर कुलूप मी माझ्या हाताने लावीन."

विश्वस्तांनी तीन आठवडे दिले. वन्सं स्टुलावर बसून काठीने फळी दाखवायच्या आणि नवी माणसं मुकाट्याने राबायची. आधी खिडक्या उघडून जमीन सुकवली, मग फळ्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून सांध्यांत शंखजिऱ्याची गुळगुळीत पूड भरली, वर मेण. एकाने घाई केली, तर त्याच्याकडून ती फळी तीनदा करून घेतली.

मुदतीच्या दिवशी विश्वस्त वर येऊन उभे राहिले. चार वाजले. साडेचार. पाच. डायरीत वेळ लिहिताना माझ्या पेनाचा आवाज तेवढा येत होता.

पहारेकरी हळूच म्हणाला, "मोठ्या बाई आज रजेवर दिसतात."

"रजेवर मी होते," वन्सं म्हणाल्या, "म्हणून तर त्यांना यावं लागलं."

व्यवस्थापकांनी हातातलं नवं कुलूप खिशात टाकलं, आणि वन्संच्या चकचकीत जमिनीवर पाऊल ठेवण्याआधी बूट काढले.